नामदार गोखले आणि गिरमिटियांचा अंगठा



नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक, भारत सेवक समाजाचे संस्थापक, मवाळ पक्षाचे पुढारी आणि गांधीजींचे राजकीय गुरू, एवढे आपण परीक्षेपुरते पाठ केलेले असते. पण याच गोखल्यांनी आयुष्याची शेवटची पाच वर्षे एका वेगळ्याच प्रश्नावर शक्ती खर्च केली. ज्यांच्यासाठी ते झिजले ते लोक त्यांच्या गावचे नव्हते, जातीचे नव्हते, बहुतेकांची भाषाही मराठी नव्हती. ते होते पोटासाठी समुद्रापार गेलेले मजूर.

हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात बीड आणि अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. महामार्गाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे राबतात. शिरवळच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुले कंत्राटावर काम करतात. आपल्याही घराघरांतून कोणी ना कोणी मुंबईला, कोणी आखातात गेलेले आहे. म्हणून या रविवारी गोखल्यांच्या चरित्रातला हा भाग आपल्यासमोर ठेवावासा वाटतो.

कोतळूकचा मुलगा

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात कोतळूक या गावी झाला. घरची स्थिती बेताची. वडील कृष्णराव कोकण सोडून कागल संस्थानात नोकरीला आले होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडले आणि कागललाच १५ रुपये पगाराची नोकरी धरली. त्या पंधरातले ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या सातांत सगळे घर चालवीत. आपण घरापासून दूर राहून शिकतो आहोत ते कुणाच्या तरी पोटाला चिमटा बसतो म्हणून, ही जाणीव गोपाळाने कधी विसरू दिली नाही. कोणी दूर राबतो आणि घरी पैसे पाठवतो, या गोष्टीचे मोल ज्याने भोगले आहे त्याला मनिऑर्डरचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या असताना ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकवू लागले आणि १९०२ पर्यंत शिकवीत राहिले. गणितावर त्यांचे प्रभुत्व होते; त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे शाळांतून चालले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली ते सार्वजनिक कामाचे धडे शिकले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे आणि मगच बोलायचे, ही रानड्यांची शिस्त.

या शिस्तीची कसोटी १८९७ मध्ये लागली. विलायतेत असताना मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील सोल्जरांविरुद्ध गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा हाती लागेना. तेव्हा त्यांनी सरळ जाहीर माफी मागितली. त्याबद्दल आपल्याच लोकांनी त्यांना भित्रा म्हटले. तो डाग ते अनेक वर्षे सोशीत राहिले. पुढे कायदे कौन्सिलात हेच गोखले बोलायला उभे राहिले की सरकारी अधिकाऱ्यांना आपले कागद पुन्हा तपासावे लागत. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशसेवा हे व्रत मानून, स्वतःसाठी काही न मिळवता आयुष्य वाहणारे तरुण त्यांना हवे होते. आपल्या ख्रिस्तसभेतील व्रतस्थांची आठवण व्हावी अशीच ती कल्पना होती.

गिरमिट म्हणजे काय

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला. उसाच्या मळ्यांना मात्र हात हवेच होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांत कोकणातले मराठी लोक होते. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज मॉरिशसमध्ये आजही आहे. पुढे त्रिनिदाद, गयाना, फिजी असे देश जोडले गेले. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ट्रुरो नावाचे जहाज मद्रासहून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या डर्बन बंदराला लागले. त्यात काही ख्रिस्ती कुटुंबेही होती. फादर साबों नावाच्या फ्रेंच ओब्लेट धर्मगुरूंनी डर्बनमध्ये या हिंदी मजुरांची सेवा केली. १९११ पर्यंत एकट्या नाताळात सुमारे दीड लाख मजूर नेले गेले.

इंग्रजीतल्या ॲग्रीमेंट या शब्दाचे मजुरांच्या तोंडी गिरमिट झाले आणि तो करार केलेला माणूस गिरमिटिया झाला. करार पाच वर्षांचा. मजूर कोणत्या मळ्यावर, कोणत्या मालकाकडे जाणार हे त्याला ठाऊक नसे. मालक आवडला नाही म्हणून सोडून जाता येत नसे. परवान्याशिवाय मळ्याबाहेर पडता येत नसे. कामावर हजर न राहणे किंवा हुकूम मोडणे हा दिवाणी तंटा नव्हता, तो गुन्हा होता आणि त्याला तुरुंग होता. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवण्याचा नियम होता. त्यातून संसारांची आणि स्त्रियांच्या अब्रूची कशी दैना झाली असेल याची कल्पना करता येते. कित्येक मजुरांनी आत्महत्या केल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे सारे काही चोरून चाललेले नव्हते. त्यासाठी कायदे होते. भरतीला परवाना लागे, मजुराची नोंद मॅजिस्ट्रेटपुढे होई, बंदरावर मजुरांचा संरक्षक म्हणून अधिकारी असे, जहाजावर डॉक्टर असे. नियमन म्हणावे तर ते पुरेपूर होते. पण भरती करणारा दलाल दुष्काळी गावात जाऊन सोन्यासारख्या देशाच्या गोष्टी सांगे. मजुराला कागद वाचता येत नसे. तुरुंगाच्या कलमांबद्दल त्याला कोणी सांगत नसे. मॅजिस्ट्रेट विचारी, तू आपखुशीने जातोस ना? भुकेला माणूस मान डोलावी आणि अंगठा उठवी. तेवढ्यावर कायद्याचे समाधान होई.

कौन्सिलातील लढा

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला, की नाताळसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने हाती घ्यावा. नाताळचे मळेवाले हिंदी मजुरांवाचून अडत होते. मात्र करार संपलेला मजूर तेथे स्वतंत्र माणूस म्हणून राहिला की तोच त्यांना नकोसा होई. हात हवेत पण माणूस नको, अशी ही वृत्ती होती. गोखल्यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. सरकारने ठराव स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली.

गोखले तेथे थांबले नाहीत. लॉर्ड सँडर्सन यांच्या समितीने १९१० मध्येच या पद्धतीला अनुकूल कौल दिला होता. काही दोष दूर करून ती चालू ठेवावी असा तिचा कल होता. ४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला, की कोणत्याही देशासाठी करारबद्ध मजुरीची ही पद्धतच बंद करावी. त्यांनी एकेक कलम उलगडून दाखवले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता, की दोन्ही पक्षांना अटी ठाऊक असतील आणि दोघेही समान पातळीवर असतील तरच त्याला करार म्हणता येते. एका बाजूला धनवान मळेवाला आणि त्याच्या पाठीशी तुरुंग, दुसऱ्या बाजूला निरक्षर आणि भुकेला माणूस, अशा दोघांत झालेल्या कागदाला करार म्हणणे ही फसवणूक आहे. ती सुधारून भागणार नाही, कारण दोष तिच्या अंमलबजावणीत नाही, मुळातच आहे. सरकारी मतांच्या जोरावर ठराव फेटाळला गेला. गोखल्यांनी हार मानली नाही.

याच मुद्द्यावर आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आठवते. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी रेरूम नोव्हारूम हे परिपत्रक काढले. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीपोटी कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर ती त्याची खरी संमती नसून तो अन्यायाचा बळी असतो, असे त्यांनी जगाला सांगितले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकताना इच्छास्वातंत्र्यावर पुष्कळ वाद केला. त्याचे सार साधेच आहे. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याने धरलेली वाट त्याने निवडली असे म्हणता येत नाही. रोममधील पोप आणि पुण्यातील प्राध्यापक यांचे मार्ग वेगळे, धर्म वेगळे. पण मजुराच्या अंगठ्याकडे पाहताना दोघांना एकच सत्य दिसले.

नाताळच्या भूमीवर

नाताळ हे त्या प्रांताचे नाव आपल्या सणावरूनच पडले. १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजे ख्रिस्तजन्माच्या सणाच्या सुमारास त्या किनाऱ्याजवळून गेली म्हणून हे नाव. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरिया परक्या मिसर देशात आश्रयाला गेले. त्या बाळाच्या जन्माचे नाव लावणाऱ्या भूमीवर परक्या मजुरांचे हे हाल व्हावेत, याची खंत ख्रिस्ती माणसाला वाटलीच पाहिजे.

नाताळात एक विलक्षण कर होता. १८९५ च्या कायद्याने, करार संपल्यावर जो मजूर पुन्हा करार करणार नाही आणि मायदेशीही परतणार नाही, त्याने वर्षाला ३ पौंड भरावेत असे ठरले. पुढे सोळा वर्षांवरचे मुलगे आणि तेरा वर्षांवरच्या मुली यांनाही तो लागू झाला. गिरमिटियाला पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग पगार असे. ३ पौंड म्हणजे ६० शिलिंग, अर्थात सहा महिन्यांचा पगार. घरात चार माणसे करपात्र असली तर १२ पौंड. गणित शिकवणाऱ्या माणसाला या आकड्यांतला डाव समजायला वेळ लागला नाही. कर वसूल व्हावा हा खरा हेतू नव्हताच. मजुराने पुन्हा अंगठा उठवावा, नाहीतर देश सोडावा, यासाठी तो होता.

गांधीजींच्या आग्रहावरून गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाउनला उतरले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरी त्यांनी किंबर्ली, जोहान्सबर्ग, नाताळ, प्रिटोरिया असा दौरा केला, खाणी आणि मळ्यांच्या भागांतून फिरले आणि कराच्या ओझ्याखाली दबलेल्यांची गाऱ्हाणी ऐकून घेतली. जोहान्सबर्गला एका सभेत बरेच कोकणी मुसलमान आणि काही मराठी मंडळी होती. गोखल्यांचे इंग्रजी नावाजलेले; पण गांधीजींनी त्यांना येथे मराठीत बोलायला सांगितले आणि स्वतः त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. दूरदेशी आपली भाषा कानावर पडल्यावर त्या लोकांना किती आनंद झाला, हे गांधीजींनी पुढे लिहून ठेवले आहे. ज्याने परगावी एखादा नाताळ एकट्याने काढला असेल त्याला हा आनंद समजेल.

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियात जनरल बोथा आणि जनरल स्मट्स या राज्यकर्त्यांशी गोखल्यांची भेट झाली. आपल्या देशात नव्याने कोणाला येऊ द्यायचे हे त्या देशाने ठरवावे, यावर त्यांनी वाद घातला नाही. पण ज्यांना तुम्ही स्वतः बोलावून आणले, ज्यांच्या घामावर तुमचे मळे पिकले, त्यांना माणसाप्रमाणे वागवलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तीन पौंडांचा कर जाईल असे आश्वासन घेऊन ते परतले.

अंथरुणावरून

आश्वासन पाळले गेले नाही. असे वचन दिलेच नव्हते अशी भूमिका तेथील सरकारने घेतली. त्यातच मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयाने निकाल दिला आणि ख्रिस्ती विधीने न झालेले हिंदू-मुसलमानांचे विवाह कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद ठरले. आपल्या पवित्र संस्काराच्या नावाचा असा उपयोग परक्या स्त्रियांना उघड्यावर टाकण्यासाठी झाला. त्या स्त्रियाही सत्याग्रहात उतरल्या. न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील मजुरांनी संप केला. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी गांधीजी २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले यांना घेऊन ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे निघाले. लवकरच नाताळच्या मळ्यांतील हजारो गिरमिटियांनी काम बंद ठेवले.

इकडे गोखले पुण्यात आजारी होते. अंथरुणावरून ते आफ्रिकेची एकेक तार वाचत, उत्तर पाठवत, निधीसाठी पत्रे लिहीत. लोकमत इतके तापले की खुद्द व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींविषयी सहानुभूती व्यक्त केली. गोखल्यांच्या विनंतीवरून चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज आणि विल्यम पीअर्सन आफ्रिकेला गेले. अँड्र्यूज हे दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवणारे अँग्लिकन धर्मगुरू. लाहोरच्या एका सभेत या मजुरांसाठी मदत मागितली गेली तेव्हा त्यांनी आपली साठवलेली सारी पुंजी देऊन टाकली होती. तेव्हापासून गोखल्यांची नजर या माणसावर होती.

चौकशीसाठी नेमलेल्या समितीपुढे साक्ष द्यावी असे गोखल्यांचे मत होते. गांधीजींनी बहिष्काराचा निश्चय केला. गोखल्यांना तो पटला नाही, तरी त्यांनी आपली मदत थांबवली नाही. आपले म्हणणे राहिले नाही म्हणून काम सोडून रुसून बसण्याची सवय आपल्याकडे मंडळांपासून कमिट्यांपर्यंत सर्वत्र असते. त्यांनी हे उदाहरण जरूर आठवावे. १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने हिंदी लोकांसाठी नवा कायदा केला. तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि विवाहांना मान्यता मिळाली.

पुढे काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखले पुण्यात वारले. वय अवघे ४८. गिरमिट पद्धतीचा अंत त्यांना पाहता आला नाही. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच ठराव कौन्सिलात पुन्हा मांडला आणि या वेळी सरकारने तो मानला. १९१७ मध्ये भरती थांबली. अँड्र्यूज आणि पीअर्सन यांनी फिजीत जाऊन तेथील मजुरांची स्थिती जगापुढे आणली होती. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. चार वर्षांपूर्वी फेटाळला गेलेला ठराव मान्य झाला तेव्हा मांडणारा या जगात नव्हता. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे शुभवर्तमानातले सत्य येथे पुन्हा दिसले.

आपल्या शिवारातला अंगठा

परदेशी जाणाऱ्यांसाठी १९२२ आणि पुढे १९८३ मध्ये कायदे झाले. राज्याबाहेर जाणाऱ्या कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. पण १९७९ चा तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून भोरला येणारा ऊसतोड मजूर घर, शाळा, रेशन सारे मागे टाकून येतो, तरी त्याने सीमा ओलांडलेली नसते.

आणि कायदा असला तरी उचल असतेच. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम कोयत्यामागे उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामात उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. मग पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. दुखणे आले, बाळंतपण आले, तरी सुट्टी घेणे परवडत नाही. येथे समुद्र नाही, तुरुंग नाही, परवाना नाही. तरी दुसरी वाट नसणे हे तेच आहे. गोखले असते तर त्यांनी आधी उचलीचा हिशोब मागवला असता.

आपल्यापैकी कोणी शेतकरी आहेत, कोणी भट्टी चालवतात, कोणी कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहेत, कोणी खोल्या भाड्याने देतात. म्हणून आपल्या धर्मग्रामापुढे मी काही साध्या गोष्टी ठेवतो. ज्याच्याकडे मजूर आहे त्याने ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी द्यावी. मजूर आपला भाऊबंद असो वा परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी ही मोशेद्वारे दिलेली देवाची आज्ञा आहे. तिच्यात परक्याचा उल्लेख मुद्दाम आहे. शिकलेल्या तरुणांनी कोप्यांवर जावे, उचल किती, फिटली किती, हे मजुराच्या वहीत त्याच्यासमोर लिहून द्यावे, आणि कोणताही कागद अंगठ्याआधी मोठ्याने वाचून दाखवावा. महिला मंडळाने तेथील मुलांना जवळच्या शाळेत बसवण्यासाठी मुख्याध्यापकांना भेटावे. ज्यांना ई-श्रमची नोंदणी करायची आहे त्यांना मदत करावी. आपल्या घरातून कोणी आखातात निघाले असेल तर एजंटाकडे सरकारी नोंदणी आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

यात मोठे असे काही नाही. गोखल्यांनीही मोठे चमत्कार केले नाहीत. त्यांनी अहवाल वाचले, आकडे मांडले, आजारी शरीराने प्रवास केला, हरले आणि पुन्हा उभे राहिले. ज्या मजुरांनी त्यांना कधी पाहिले नव्हते, त्यांच्या अंगठ्यामागे माणूस आहे हे त्यांनी साम्राज्याला मानायला लावले.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरित आणि निर्वासितांचा दिन पाळते. पण टोळ्या आपल्याकडे उतरतात त्या दिवाळीच्या सुमारास. म्हणून आपली प्रार्थना त्या एका रविवारपुरती राहू नये. परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले, असे शेवटच्या दिवशी प्रभू कोणाला म्हणेल आणि कोणाला म्हणणार नाही, याचा निर्णय आपल्या बांधावरच होत असतो.

प्रभू येशू, जो स्वतः परदेशी आश्रयाला गेला, तो आपल्या शिवारात राबणाऱ्या प्रत्येक हाताचे रक्षण करो आणि आपणां सर्वांना न्यायाची बुद्धी देवो.

आपला,
धर्मगुरू